लुगड्यातली कबड्डी

गिऱ्हेपुंजे सरांशी माझी ओळख भांडणातून झाली. पवनीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला मी नागपूरहून नुकतीच आले होते. त्या दिवशी एस.टी. उशिरा पोचली, पहिला तास हातचा जायची वेळ, म्हणून फाटकातून शिरल्यावर मी वाट सोडून सरळ मैदानातून निघाले. निम्म्यात गेले असेन, तेवढ्यात कोणीतरी अशी हाक मारली की झाडावरची पाखरं उडाली.

"ओ मॅडम, चपला हातात घ्या."

वळून पाहिलं तर खाकी अर्धी चड्डी आणि धुवून धुवून पिवळी पडलेली बनियन घातलेला एक आडवा माणूस उकिडवा बसलेला. वर्गात मला पोरं घाबरतात अशी माझी तेव्हा समजूत होती. मी ताठ होऊन म्हटलं, मी इथली प्राध्यापक आहे. तो माणूस जागचा हलला नाही.

"मंग त तुमाले लवकर समजलं पायजे. पोट्टे इथं तोंडावर पडतात. चपलेतला खडा त्याईच्या डोळ्यात जाते."

चपला हातात घेऊन, पायाला माती लावून मी वर्गात गेले, आणि मधल्या सुट्टीत तणतणत प्राचार्यांकडे. आमचे प्राचार्य भला माणूस. कोणाचंही वाईट करायची त्यांची छाती नव्हती, आणि चांगलं करायचीही. ते हसले आणि म्हणाले, मॅडम, मी स्वतः बूट हातात घेऊन जातो. मग त्यांनी मला भाऊसाहेबांची गोष्ट सांगितली. भाऊसाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, भातगिरणीचे मालक, तालुक्याचं मोठं प्रस्थ. सव्वीस जानेवारीला नवे बूट घालून ते झेंड्याकडे निघाले आणि गिऱ्हेपुंजे सरांनी सगळ्या पोरांदेखत त्यांना बूट काढायला सांगितलं. भाऊसाहेबांनी काढले नाहीत. इमारतीला पूर्ण वळसा घालून ते मागच्या बाजूने झेंड्यापाशी पोचले. तिथे सरांनी त्यांना कडक सलाम ठोकला. तो सलाम भाऊसाहेब कधीच विसरले नाहीत.

सरांचं नाव दौलत, गाव आसगाव. बी.पी.एड. होऊन ते कॉलेजला खेळाचे शिक्षक म्हणून लागले, पण तात्पुरते. दर जूनमध्ये नवा हुकूम निघायचा आणि दर मे महिन्यात नोकरी संपायची. आमच्यापैकी कोणावर ही वेळ असती तर आम्ही अध्यक्षांच्या दारात रोज नमस्काराला उभे राहिलो असतो. सरांना नमस्कार करायला वेळ नसायचा. सकाळी उजाडायच्या आत आसगावहून सायकल मारत यायचे. सायकलला घंटी नव्हती, आणि का नाही विचारलं तर म्हणायचे, "घंटी कायले? मी हाय न." समोरचा एक दात नव्हता. तो चिखला गावच्या मँगनीज खाणीतल्या मजुरांच्या टीमशी एका मंडईत खेळताना पडलेला. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री दंडारीचा नाच, दिवसा कबड्डी, आणि या कबड्डीत कोणी कोणाची गय करत नाही. सर सांगायचे, दात त्यांनी नेला, पॉइंट आम्ही आणला.

कबड्डी सोडून दुसरा खेळ त्यांना खेळ वाटत नसे. कॉलेजात एकदा क्रिकेटचं सामान आलं, तर स्टंपा त्यांनी प्राचार्यांच्या बागेत टोमॅटोला आधार म्हणून रोवून टाकल्या. शिकवताना ते कधी उभे राहत नसत. रेषेच्या अगदी कडेला उकिडवे बसायचे आणि खेळणाऱ्यांचे फक्त पाय पाहायचे. तोंड खोटं बोलते, पाय नाही, हे त्यांचं म्हणणं. पोरगा जिंकून आला की पाठीवर थाप नाही, हरून आला की समजूत नाही. दोन्ही वेळा पिशवीतून मूठभर फुटाणे. कोणी रडायला लागलं तर मात्र एक वाक्य ठरलेलं होतं. "रड, पन उभा राहून रड."

मी नागपूरची. धान मी ताटातच पाहिलेलं. त्यामुळे श्रावणात अर्धा वर्ग कुठे गायब होतो हे मला कळेना. स्टाफरूममध्ये विचारलं तेव्हा सगळे हसले आणि म्हणाले, रोवणा लागला. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, धानाची रोपं लावायची, ती चार-दोन आठवड्यांत लावून झालीच पाहिजेत, तेव्हा घरातलं माणूस न् माणूस शेतात. कबड्डीची टीमही शेतात. दुसऱ्या कोणत्याही खेळशिक्षकाने कपाळाला हात लावला असता. गिऱ्हेपुंजे सरांनी वेगळंच केलं. त्यांनी ठरवलं की टीम मैदानावर येत नाही तर मैदान टीमकडे न्यायचं. एकाच्या बांधीत सगळ्या पोरांनी मिळून रोवणा उरकायचा आणि मग बाजूच्या चिखल केलेल्या, अजून रोपं न लावलेल्या बांधीत कबड्डी खेळायची. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची बांधी. आईबाप खूश, कारण दहा हात फुकट मिळाले. सर खूश, कारण गुडघाभर चिखलात चढाई करणारा पोरगा कोरड्या मैदानावर हरणासारखा पळायचा.

याच बांधीत त्यांना ते दिसलं. एक दिवस चिखलाने माखलेले तसेच स्टाफरूममध्ये आले आणि माझ्यासमोर बसले. म्हणाले, "मॅडम, रोवणाऱ्या बाया पाहिल्या का तुमी कधी? दिवसभर वाकून मांगं सरकतात. एक बाई मांगं वळून पाहत नाई. सगळ्या एका रांगीत, एका चालीनं. पोट्ट्याईले हे मी चार वर्षांपासून शिकवून राहिलो, त्याईले येत नाई. ह्या पोरी हे घरूनच शिकून आल्या."

मला पुढचं कळेना. त्यांनी सरळ सांगितलं, मुलींची टीम काढायची आहे, विद्यापीठाच्या नियमाने सोबत बाई लागते, तुम्ही या. मी म्हटलं, मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही.

"मंग चांगलं हाय. मधात बोलनार नाई तुमी."

अशी माझी निवड झाली.

त्या काळी पवनीसारख्या गावात कॉलेजला येणाऱ्या मुलीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली सर्वात दणकट कौसल्या, आसगावचीच, सरांच्या घरापासून चार घरं सोडून. सर तिच्या बापाशी बोलले. बाप म्हणाला, मी एकटा कोण सांगणारा, गावाला विचारा. मग गाव बसलं मारुतीच्या देवळापुढे. मला मुद्दाम नेण्यात आलं, म्हणजे एक शिकलेली बाई सोबत आहे हे दिसावं. मी पदर सारखा करून बसले आणि ठरल्याप्रमाणे मधात बोलले नाही.

बोलणं फिरून फिरून कपड्यांवर यायचं. पोरी अर्धी चड्डी घालून, मांड्या उघड्या टाकून परक्या गावात खेळणार का, एवढाच सगळ्यांचा प्रश्न. सरांनी सगळ्यांना बोलू दिलं. मग शांतपणे विचारलं, "रोवण्यात ह्या पोरी काय घालतात?"

"लुगडं. काष्टा मारून."

"कुठवर खोचतात?"

 सर्वांना माहीत होतं, गुडघ्याच्या वर. चिखलात दुसरं चालतच नाही.

"मंग तेच घालतील. चड्डी नाई पायजे मले. जे तुमच्या बांधीत चालते तेच घालून खेळतील."

एक म्हातारा तरी हार मानेना. म्हणाला, बांधीतली गोष्ट वेगळी, तिथे पाहायला कोण येते. सर त्याच्याकडे वळले. "तूच येतो न बुढा. दिवसभर धुऱ्यावर बसून बिडी पेत राहतो आन् पाहत राहतो." मागे बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यातून कौसल्याची काकू उठली आणि आमची पोरगी जाईल, एवढं बोलून घराकडे चालू लागली. सभा तिथेच संपली, कारण काकूशी वाद घालायची गावात कोणाची टाप नव्हती.

टीममध्ये पवनीच्या कोष्टीपुऱ्यातली पुष्पा होती. तिचे वडील हरिभाऊ हातमागावर लुगडी विणायचे. त्यांनी सगळ्या पोरींसाठी एका काठाची निळी लुगडी मागावर घेतली. पोलक्यांच्या पाठीवर कापडाचे आकडे मी टाचले. तीनचा आकडा जरा उलटा लागला, तो तसाच राहिला. सराव बांधीतच, रोवण्याच्या सोबतच. चढाई करणारी पोरगी आली की सातही जणी वाकून, एका चालीने मागे सरकायच्या, आणि ती जराशी पुढे झुकली की दोन्ही टोकांकडून तिला वेढून टाकायच्या. मला खेळ कळत नव्हता, पण ते पाहताना अंगावर काटा यायचा.

भंडाऱ्याला विद्यापीठाचे झोनचे सामने होते. आमच्या पोरी काष्टा मारून, पदर कमरेला खोचून मैदानात उतरल्या आणि बाहेरच्या गर्दीत जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. पंच धावत आले. हा काय वेष, म्हणाले, आणि समोरचीने पदर धरला तर? सर खाली बसूनच म्हणाले, "धरू द्या. कपडा धरला का फाऊल, हे तुमच्याच पुस्तकात लिवलं हाय. हात धरा, पाय धरा, कंबर धरा. लुगड्याले हात लावाल त पॉइंट आमचा." पंचांनी नियमाचं पुस्तक चाळलं. तसंच लिहिलेलं होतं. वेष सारखा, रंग सारखा, पाठीवर आकडा. सामना सुरू करण्यावाचून त्यांना इलाज उरला नाही.

आणि मग आम्ही हरलो. असे हरलो की तसं कोणी हरलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. समोरची पहिली पोरगी चढाईला आली. आमच्या सातही जणी वाकल्या, एका रांगेत, एका चालीने, न वळता मागे सरकल्या, सरकत गेल्या, आणि सगळ्या मिळून मागच्या रेषेच्या बाहेर गेल्या. आख्खी टीम बाद. समोरच्या पोरीने कोणाला हातही लावला नव्हता. ती तर गोंधळून उभीच राहिली. पुन्हा सामना सुरू झाला, पुन्हा तेच झालं. गर्दीतले लोक पोट धरून हसत होते. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. बांधीला मागे धुरा असतो. मातीचा बांध. टाचेला तो लागला की बाई थांबते, म्हणून तर तिला वळून पाहावं लागत नाही. भंडाऱ्याच्या मैदानाला धुरा नव्हता. नुसती चुन्याची रेघ होती, आणि चुना टाचेला लागत नाही.

सामना संपल्यावर पोरी रडायला लागल्या. सरांच्या ठरलेल्या वाक्याची मी वाट पाहत होते. ते म्हणाले नाहीत. पिशवीतून फुटाणे काढून एकेकीच्या हातावर ठेवत ते एवढंच बोलले, "चूक तुमची नाई. तुमी बरोबर खेळल्या. धुरा मी विसरलो."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. काष्टा मारलेल्या आमच्या पोरी रेषेबाहेर एकमेकींवर पडलेल्या, आणि खाली काहीतरी चावट ओळ. भाऊसाहेबांनी त्याच दुपारी सरांना आणि मला बोलावलं. गिरणीच्या कचेरीत ते बसले होते, टेबलावर वर्तमानपत्र. त्यांनी आवाज चढवला नाही. भाऊसाहेब कधीच चढवत नसत, आणि मला त्याचीच जास्त चीड यायची. म्हणाले, संस्थेची अब्रू गेली, पण जाऊ द्या, झालं ते झालं. गिऱ्हेपुंजे, तुम्ही किती वर्षं तात्पुरते आहात. यंदा तुम्हाला कायम करायचं माझ्या मनात आहे. मुलांची टीम उत्तम चालवता, तीच चालवा. मुलींचं हे प्रकरण तुमच्या हातानेच मिटवून टाका.

सरांच्या घरी तेव्हा शाळेत जाणारी तीन पोरं होती आणि दोन बांध्या कोरडवाहू. मला वाटलं, ते निदान विचार करायला वेळ मागतील. मी असते तर मागितला असता. त्यांनी नाही मागितला.

"मले कायम नका करू, साहेब. टीम कायम करा."

भाऊसाहेब हसले. "टीम मी कशाला बंद करू? लोक म्हणतील, मुलींच्या विरुद्ध आहे. तुम्ही गेलात की ती आपोआप बंद पडेल."

मे महिन्यात नोकरी नेहमीप्रमाणे संपली आणि जूनमध्ये हुकूम निघाला नाही; उलट कॉलेजच्या आवारात पाऊल ठेवायची सरांना बंदी झाली. मी आसगावला गेले, तोंड पाडून. सरांच्या बायको अंगणात पऱ्ह्यांसाठी, म्हणजे रोपांसाठी, धान निवडत बसल्या होत्या. त्यांना मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर त्यांनीच मला पाट दिला आणि म्हणाल्या, "तुमी कायले रडवेल्या झाल्या? ते हाव म्हनून आले असते त मी घरात घेतलं नसतं त्याईले." मी त्या घरातून निघाले तेव्हा मला रडू नव्हे, राग आलेला होता. तो राग मला पुढची दोन वर्षं पुरला.

मी प्राचार्यांना सांगितलं की मुलींची टीम मी चालवते. ते कासावीस झाले, पण भाऊसाहेबांनी टीम बंद केलेली नव्हती, तेव्हा त्यांना नाही म्हणता येईना. मी शिट्टी घेतली, चपला काढल्या आणि मैदानात उभी राहिले. पोरी माझ्याकडे पाहायला लागल्या, मी पोरींकडे. पुढे काय करायचं ते आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

"शिट्टी वाजवा न, मॅडम. कायची वाट पाहून राहिल्या?"

आवाज रस्त्यावरून आला. मैदानाच्या एका अंगाला भंडाऱ्याचा रस्ता होता, मधे फक्त तारेचं कुंपण. रस्त्यावर एक मोरी होती आणि मोरीच्या कठड्यापाशी, डांबराच्या कडेला, गिऱ्हेपुंजे सर उकिडवे बसले होते.

त्या दिवसापासून ती रोजची गोष्ट झाली. शेतातलं काम उरकून सर संध्याकाळी सायकलने यायचे आणि मोरीपाशी बसायचे. ते ओरडायचे, मी शिट्टी वाजवायची. त्यांच्या सांगण्यावरून पोरींनी मागच्या रेषेवर मातीचा चांगला वीतभर उंच धुरा घातला. दर आठवड्याला तो थोडा खरवडायचा. टाचेला तो आज लागायचा त्याहून उद्या कमी लागायचा. वळून पाहायला मात्र सक्त मनाई. पावसाळा सरता सरता धुरा बोटभर उरला, मग नखाएवढा, आणि मग नुसती चुन्याची रेघ उरली तरी पोरी बरोबर तिच्या अलीकडे थांबू लागल्या. टाच कशी समजते, हे मी कौसल्याला विचारलं. तिला सांगता आलं नाही. ती म्हणाली, समजते.

भाऊसाहेबांनी शिपायाला पाठवलं. तुळशीराम शिपाई बिचारा कुंपणापाशी जाऊन म्हणाला, सर, साहेब म्हणतात इथे बसू नका. सरांनी त्याला फुटाणे दिले.

"साहेबाले सांग, कॉलेज त्याईचं हाय. रस्ता सरकारचा हाय. इथं ढोरं बसतात, त्याईले कोनी उठवत नाई. मले काहून उठवता?"

तुळशीरामने हे अक्षर न् अक्षर जाऊन सांगितलं. तो मनातून आमच्या बाजूचा होता.

पुढच्या वर्षी आम्ही झोन जिंकला. निळी लुगडी विटली होती, हरिभाऊंनी नवी दिली होती. हसणारे पहिल्या सामन्यात हसले, दुसऱ्यात गप्प झाले, आणि शेवटच्या सामन्यात भंडाऱ्याच्या गर्दीने कौसल्याच्या नावाने आरोळ्या दिल्या. सर आले नव्हते. तिकडे यायला त्यांना कोणाची बंदी नव्हती, पण धानाची कापणी चालू होती आणि बांधी कोणासाठी थांबत नाही. कॉलेजात सत्कार झाला. व्यासपीठावर भाऊसाहेब होते. मुलींना पुढे आणण्याचं संस्थेचं धोरण पहिल्यापासूनच कसं होतं, ते त्यांनी सविस्तर सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसून दातओठ खात होते. मग त्यांनी कौसल्याच्या हातात कप दिला, फोटोवाला पुढे झाला, आणि कौसल्या थांबलीच नाही. ती कप घेऊन पायऱ्या उतरली, तिच्या मागे साऱ्या टीमने चालायला सुरुवात केली, अनवाणी मैदान ओलांडून, फाटकातून बाहेर, रस्त्याने मोरीपर्यंत. व्यासपीठावरून सगळं दिसत होतं. तिने कप सरांच्या पुढ्यात डांबरावर ठेवला.

सरांनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही. कौसल्याने नंतर मला सांगितलं, ते एवढंच म्हणाले, "हे कायले इथं आनलं? उद्या लवकर या. तुमचा डावा कोपरा अजून कच्चा हाय."

महिन्याभरात विटांचे ट्रक आले. मोकाट जनावरांचा त्रास होतो म्हणून संरक्षक भिंत बांधायचं संस्थेने ठरवलं होतं. भिंत फक्त रस्त्याच्या बाजूने बांधली. उरलेल्या तिन्ही बाजूंना संस्थेची मोकळी जमीन, तिथून जनावरं पूर्वीसारखीच आत येत होती, पण त्या जमिनीवर पाऊल ठेवायची सरांना बंदी होती. भिंत पुरुषभर उंच झाली, वर अजून दोन थर चढले, आणि मोरीपाशी बसणाऱ्या माणसाला विटांशिवाय काही दिसणार नाही अशी पक्की व्यवस्था झाली.

भिंत पुरी झाली त्या संध्याकाळी पोरी मैदानावर आल्या. कोणी रेषा आखायला घेईना. पुष्पा तर लुगडं खोचतच नव्हती. मी शिट्टी तोंडात धरली आणि तशीच उभी राहिले, कारण मला खरंच वाटलं की संपलं. भाऊसाहेब म्हणाले होते तसं आपोआप बंद पडलं. शेवटी काहीतरी करायचं म्हणून कौसल्या चढाईला गेली. कबड्डी कबड्डी म्हणत ती आत शिरली, वळली, कोणीतरी तिला धरलं.

"कौसल्या, दम मधात तोडून राहिली तू. अन् सिंधू, तुहा पाय उशिरा पडला. मांगंच मांगं राहिली तू."

पोरी जागच्या जागी थिजल्या. भिंतीकडे पाहायला लागल्या. सर इकडून दिसत नव्हते. त्यांना तरी कुठे काही दिसत होतं? पण कबड्डीत तोंड बंद ठेवून खेळता येत नाही. दम चालू आहे की तुटला हे ऐकू येतं. वाळल्या मैदानावर सात जणींचे पाय पडतात तेही ऐकू येतात, आणि एक पाय उशिरा पडला तर जास्तच ऐकू येतो. इतकी वर्षं पायांकडे पाहत बसलेल्या माणसाला ते पाय पाहावे लागत नव्हते. मी शिट्टी वाजवली. त्या संध्याकाळी पोरी इतक्या जोरात दम घेत खेळल्या की दूर भाऊसाहेबांच्या गिरणीपर्यंत आवाज गेला असेल. जावा, असंच मला वाटत होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी मला नागपूरला नोकरी मिळाली. कौसल्या बी.ए. होऊन गेली होती, टीममध्ये नव्या पोरी आल्या होत्या, पुष्पाची धाकटी बहीण त्यांच्यात होती. शिट्टी मी नव्या आलेल्या मराठीच्या बाईंकडे सोपवली. जायच्या दिवशी सकाळी आसगावला जाऊन सरांच्या घरी निरोप घेतला. सर शेतात होते, भेटले नाहीत. त्यांच्या बायकोने ओटीत तांदूळ घातले.

संध्याकाळची भंडाऱ्याची गाडी धरली. कॉलेजापाशी समोरून धानाच्या बैलबंड्यांची रांग येत होती, त्यांना वाट देण्यासाठी ड्रायव्हरने गाडी मोरीच्या कडेला घेऊन थांबवली. मी खिडकीशी होते. एस.टी.ची खिडकी भिंतीपेक्षा उंच असते, हे मला त्या दिवसापर्यंत कधी सुचलं नव्हतं. मला भिंतीच्या दोन्ही बाजू एकदम दिसल्या.

अलीकडे, माझ्यापासून चार हातांवर, सर भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले होते. डोळे मिटलेले. अंगावर शेतातलीच धुळीने भरलेली बनियन. दाढीचे खुंट पांढरे झाले होते, ते मी जवळून पहिल्यांदाच पाहिलं. समोर गाडी घरघरत उभी होती, बंडीवाला बैलांना हाकत होता, पण ते यातलं काही ऐकत नव्हते. मला हाक मारायची होती. मी तोंड उघडलंही, पण पलीकडे चढाई चालू होती.

पलीकडे निळ्या लुगड्यातली एक नवी, अगदी किरकोळ पोरगी धरली गेली होती. चार-पाच जणींनी तिला मध्यरेषेच्या जवळ पालथी पाडली होती. तिचं कबड्डी कबड्डी बारीक होत चाललं होतं, मला तर गाडीच्या आवाजात ते नुसतं ओठ हलल्यासारखं दिसत होतं. तिने हात पुढे टाकला आणि थकून तो मातीवर तसाच ठेवून दिला. रेषा वीतभर पुढे होती. तिला ते दिसत नव्हतं, तिचं तोंड मातीत होतं.

सरांनी डोळे उघडले नाहीत. मान फक्त जराशी भिंतीकडे वळवली.

"सोडू नको, पोरी. हात अजून लांब कर. रेषा तिथंच हाय."

बंड्या निघून गेल्या होत्या. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी हलली. मी वळून, मान मोडेपर्यंत मागे पाहत राहिले. पोरीने हात लांब केला.